काळ्या शाईला कुठं थांबवायचं

पांढरा टॉवेल घेऊ नये, हे मला लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर कळलं. आधी कळायचं कारणच नव्हतं. आमचे हे छपाईच्या दुकानात, दिवसभर शाईच्या मशीनसमोर उभे. पण संध्याकाळी हात असे स्वच्छ, की बघणाऱ्याला वाटावं बँकेत बसतात. पांढरा शर्ट घालून जायचे आणि तो पांढराच परत आणायचे. शेजारणी मला विचारायच्या, नवरा नक्की काम करतो ना?

गेल्या वर्षभरात मात्र घरभर अंगठे उमटायला लागले. दिव्याच्या बटणावर अंगठा, फ्रिजच्या दारावर अंगठा, माझ्या चहाच्या कपाच्या कानावर अंगठा. करडा, पुसट, पण घासून घासून हात दुखले तरी निघणार नाही असा. ही शाई साबणाला भीक घालत नाही. शेवटी नव्या टॉवेलच्या मधोमध एक उमटला, तेव्हा मी तो टॉवेल यांच्या नाकासमोर धरला आणि विचारलं, हे काय आहे? यांनी टॉवेल खिडकीशी नेला, उलटसुलट केला, चष्मा पुसून परत बघितला आणि शांतपणे म्हणाले, "कुठंय डाग? मला तर काही दिसत नाही."

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. करून सवरून वर हा साळसूदपणा. मी टॉवेल ओढून घेतला, बादलीत आपटला आणि पुढचे काही दिवस हो-नाहीपलीकडे बोलले नाही. त्याचाही यांना फारसा त्रास झाला नाही म्हणा.

मीही त्याच दुकानात आहे, हे सांगायचं राहिलं. हे छापतात आणि मी त्यावर लॅमिनेशन चढवते, म्हणजे छापलेल्या विनाईलवर, त्या पाठीला गोंद असलेल्या पांढऱ्या तावावर, पारदर्शक प्लास्टिकचा पातळ पापुद्रा दाबून बसवायचा, मग ते बोर्डावर चिकटवायचं. नवरा-बायको एकाच दुकानात म्हटलं की लोकांना फार कौतुक. कौतुक करणाऱ्यांनी एक महिना करून बघावं. इथलं भांडण घरी जातं, घरचं इथं येतं, आणि मधल्या रस्त्यातसुद्धा सुटका नाही.

यांना दुकानात सगळे मास्तर म्हणतात. शाळेचा आणि यांचा संबंध आठवीत संपला, पण नाव पडलं ते पडलं. हे आधी ब्रशनं दुकानांच्या पाट्या रंगवायचे. मग मशीनं आली आणि पाट्या रंगवणारे एकेक करून घरी बसले. हे नाही बसले. आमच्या मालकांनी पहिलं मोठं मशीन आणलं, माणूस आडवा झोपेल एवढ्या रुंदीचं छापणारं, तेव्हा त्याच्यासमोर जे उभे राहिले ते आजतागायत. मशीनं बदलली, मालकांचे केस गेले, हे तिथंच. रंगाचं यांना उपजतच कळतं, आणि त्यातही काळ्याचं. आपल्याला वाटतं, काळा म्हणजे काळा, त्यात काय बघायचं? यांच्यासमोर तसं बोलायची सोय नाही. यांच्या लेखी काळ्यात करडा असतो, तपकिरी असतो, निळा असतो, आणि क्वचित कधीतरी खरोखरचा काळा असतो. आमच्या लग्नात माझ्या भावानं भाड्यानं आणलेला कोट बघून यांचं पहिलं वाक्य होतं, हा हिरवट आहे. भाऊ अजून विसरलेला नाही.

आता थोडं कामाचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. कागद असो की विनाईल, त्याची शाई घ्यायची एक हद्द असते. तिच्या अलीकडे थांबलात तर काळा धुरकट दिसतो. पलीकडे गेलात तर काळा आणखी काळा होत नाही, नुसती शाई वर साचते, वाळत नाही, हाताला चिकटते. त्या हद्दीला इंक लिमिट म्हणतात. नव्या मालाचं बंडल लावलं की ती नव्यानं ठरवावी लागते. हे कशी ठरवायचे? एक पट्टी छापायचे, अगदी फिकटापासून गच्च काळ्यापर्यंत चौकोनच चौकोन. ती घेऊन शटरपाशी उजेडात जायचे आणि मान तिरकी करून बघत राहायचे. मग एका चौकोनावर बोट ठेवायचे आणि म्हणायचे, इथं संपला. म्हणजे याच्यापुढं शाई वाढते, काळा वाढत नाही. त्यानंतर त्या चौकोनावर अंगठा दाबायचा आणि तोच अंगठा कोऱ्या कागदावर टेकवायचा. कागद कोरा राहिला तर लिमिट बरोबर. डोळ्यानं ठरवायचं आणि अंगठ्यानं खातरी करायची, असा तो क्रम होता.

मग नवीन मशीन आलं. ते लावायला कंपनीकडून एक इंजिनिअर बाई आल्या होत्या. बोलायला गोड, कामाला चोख. त्यांनी दाखवलं की आता हे सगळं मशीन आपलं आपण करतं. पट्टी छापतं, मग मशीनला जोडलेलं एक छोटं यंत्र त्या पट्टीवरून सरकत सरकत एकेक चौकोन मोजतं. कुठल्या चौकोनापुढं काळा वाढायचा थांबला ते त्याला कळतं, आणि तिथंच ते लिमिट लावून टाकतं. आपण फक्त बटण दाबायचं आणि चहा प्यायचा. ते यंत्र इतकं सावकाश सरकायचं की यांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव कासव ठेवलं. कासवानं लावलेल्या लिमिटवर छापलेला पहिला नमुना यांनी शटरपाशी नेला, बघितला आणि इंजिनिअर बाईंना म्हणाले, फिकट आहे.

बाई म्हणाल्या, नाहीये हो. हे म्हणाले, आहे. त्यांनी परत मोजलं, तेच आलं. यांनी परत बघितलं, यांचंही तेच आलं. शेवटी बाई हसून म्हणाल्या की तुम्हाला हवं तर हातानं वाढवता येतं, ही बघा इथं सोय आहे, आणि निघून गेल्या. ती सोय दाखवली नसती तर बरं झालं असतं.

तेव्हापासून हे रोज कासवाकडून लिमिट लावून घ्यायचे आणि रोज ते वाढवायचे. "जरा अजून," असं म्हणत. एवढं ऐकू आलं की मी दुसऱ्या दिवशीचं काम मनातच दुप्पट धरायचे, कारण ते जरा अजून शेवटी माझ्या टेबलावर येणार. वरून वाळल्यासारखं दिसायचं आणि आतून ओलं असायचं. त्यावर प्लास्टिक चढवलं की संध्याकाळपर्यंत ठीक, दुसऱ्या दिवशी सकाळी बघावं तर काळ्या भागावर फुगे आणि कडा सुटून वर आलेल्या. गिऱ्हाईक शिव्या कुणाला घालणार? जी बोर्ड बांधून देते तिला. दुकानातल्या बाकीच्यांनी यांना जराअजून म्हणायला सुरुवात केली होती. तोंडावर मास्तर, मागे जराअजून. मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचे, पण नवऱ्याला नाव ठेवलेलं ऐकताना काय वाटतं ते बायकोलाच माहीत. मी ठेवलेलं वेगळं.

सांगून बघितलं. गोडीनं सांगितलं, ओरडून सांगितलं, यांच्या बहिणीकरवी सांगितलं. यांचा नन्नाचा पाढा. बरं, नुसतं लिमिटचंच नाही. विनाईल पिवळट येतंय म्हणून माल देणाऱ्याशी भांडले. तो बिचारा बंडलं उघडून दाखवतोय, अहो मास्तर, पांढरं स्वच्छ आहे. दुकानातल्या ट्यूबलाईट बदलायला लावल्या, मग नव्या डोळ्यावर येतात म्हणून कुरकुर. अंधार पडल्यावर स्कूटर चालवायची बंद केली. म्हणे चालल्यानं तब्येत चांगली राहते. दिवसभर उभी राहून पाय मोडलेत माझे आणि यांना तब्येत सुचतेय. मी म्हटलं, वय झालं की माणूस हेकट होतो म्हणतात, ते असं. माझ्या सासऱ्यांचंही शेवटी शेवटी असंच झालं होतं.

आणि त्यातच फोटोवाल्या काकू आल्या.

या काकू आमच्या दुकानाच्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाईक. जन्मभर फोटो काढले, तेही रात्रीच्या रस्त्यांचे. रिकामा बसथांबा, एक दिवा, बंद दुकानांची ओळ, आणि बाकी सगळा काळोख. फोटोत निम्म्याहून जास्त काळाच. आता थकल्या आहेत, आणि त्यांच्या सगळ्या कामाचं एक प्रदर्शन भरणार होतं. पहिलं आणि बहुधा शेवटचं, असं त्याच म्हणाल्या. छापायला दुसरीकडे जायचं त्यांच्या मनातही आलं नाही. मालकांसमोर म्हणाल्या, माझा काळा फक्त मास्तरांना कळतो. यांची छाती केवढी फुगली असेल ते सांगायला नको.

यांनी छापलं, मी प्लास्टिक चढवलं, बोर्ड गेले. चौथ्या दिवशी काकू रिक्षातून बोर्ड घेऊन परत आल्या. रस्त्यावरच्या काळोखात सगळीकडे फुगे. एका बोर्डाचं प्लास्टिक कोपऱ्यापासून आपलं आपण उलगडत निघालं होतं. काकू रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर परवडलं असतं. बोर्ड भिंतीला टेकवून उभे केले आणि विचारलं, मास्तर, परत छापायला वेळ आहे का अजून?

मालक मात्र रागावले. त्यांनी यांना केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावलं, पण काचेचं दार, सगळं ऐकू येत होतं. ते म्हणाले की हे काम परत छापायचं, मशीन जे लिमिट लावेल त्याला हात न लावता. याही वेळी असंच झालं तर मशीन सोडायचं आणि काउंटरवर बसायचं, पावत्या फाडायला. नको असेल तर घरी बसलात तरी चालेल. एवढ्या वर्षांत मालक यांच्याशी असं कधी बोलले नव्हते. हे मूग गिळून बसले. मला आत जाऊन दोघांनाही हलवावंसं वाटत होतं, एकाला बोलतो म्हणून आणि दुसऱ्याला बोलत नाही म्हणून.

घरी जाताना मी यांना म्हटलं, आता तरी ऐका. ते कासव बरोबर असो की चूक असो, ते म्हणेल तसं छापा. काउंटरवर बसून तुम्ही दोन महिने काढणार नाही, मला माहीत आहे. तुम्ही झुरणीला लागाल. हे हो म्हणाले. इतक्या सहज हो म्हणाले की मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे जेवायला मागच्या खोलीत बसले होते. हे आले नाहीत म्हणून मी डबा घेऊन मशीनच्या खोलीत गेले. कासवाचं मोजून झालेलं दिसत होतं. आणि हे पट्टी घेऊन शटरपाशी उभे. म्हणजे येरे माझ्या मागल्या! डबा तिथंच आदळणार होते मी. तोंड उघडलंसुद्धा होतं.

पण हे पट्टीकडे बघत नव्हते. तोंड रस्त्याकडे होतं आणि डोळे मिटलेले. पट्टी डाव्या हातात, आणि उजव्या हाताचा अंगठा एकेका चौकोनावर टेकवत चालले होते. टेकवायचा, उचलायचा. पुढचा. टेकवायचा, उचलायचा. फिकटाकडून काळ्याकडे. एका चौकोनावर अंगठा किंचित चिकटला, उचलताना बारीक आवाज आला, तेव्हा यांनी डोळे उघडले, तिथंच बोट धरून ठेवलं आणि कॉम्प्युटरकडे वळले. तो आकडा घालायला.

मी तिथं उभी राहिले. घरातली सगळी बटणं, फ्रिजचं दार, कप, टॉवेल, एकदम सगळं माझ्यासमोर आलं. इतकी वर्षं अंगठा कोरा राहायचा, कारण आधी डोळे थांबायची जागा सांगायचे आणि अंगठा नुसती खातरी करायचा. आता डोळे काही सांगतच नव्हते. हे अंगठ्याला शाई लागेपर्यंत पुढं जात होते. आणि लागली म्हणजे हद्द आधीच मागं पडलेली.

मी डबा ठेवला, पट्टी यांच्या हातातून घेतली आणि शेजारशेजारचे दोन चौकोन दाखवले. एक चांगला करडा होता, एक काळा. मलासुद्धा दिसत होता फरक, मला, जिला भावाचा कोट हिरवट दिसला नव्हता.

"यातला जास्त काळा कुठला?" मी विचारलं.

हे बघत राहिले. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग चष्मा काढूनच ठेवला.

"मला कुठं थांबायचं ते दिसत नाही गं," हे म्हणाले. "सगळंच धुरात आहे. टॉवेलवरचा डागही मला खरंच दिसला नव्हता."

कुठं जावं ते माझ्या रागाला कळेना. डोळ्यांत पाणी आलं आणि तोंडातून मात्र शिव्याच निघाल्या. वर्षभर? वर्षभर तुम्ही लपवलंत? मला ताकास तूर लागू दिली नाहीत? मी रोज तुमच्याशी भांडतेय, माल देणाऱ्याशी तुम्ही भांडताय, त्या काकूंचं जन्माचं काम फुगून बसलंय, आणि तुम्ही अंगठा लावत बसलात? डॉक्टरकडे जायला काय झालं होतं? तर म्हणाले, गेलो होतो. मोतीबिंदू आहे, दोन्हीकडे. काढायला सांगितलाय. मग काढला का नाही, विचारलं, तर त्यावर जे म्हणाले ते ऐकून मी कपाळाला हात लावला. कुणीतरी यांना सांगितलं होतं की मोतीबिंदू काढला की रंग बदलतात, सगळं जास्त निळं दिसायला लागतं. यांना भीती ती. जो काळा यांनी इतकी वर्षं डोळ्यात धरून ठेवला होता, तो पुसला गेला तर? आणि मालकांना कळलं तर? आता लिमिट कासव लावतं. मास्तरांना ठेवलंय ते फक्त डोळ्यासाठी. डोळाच नाही म्हटल्यावर मास्तर कशाला?

"म्हणून आंधळं व्हायचं?" मी म्हटलं.

यांनी चष्मा उचलून परत डोळ्यावर चढवला. मालकांबद्दल यांचं म्हणणं मात्र काही खोटं नव्हतं.

मी कॉम्प्युटरपाशी गेले आणि यांना म्हटलं, कासवाचा आकडा परत घाला, वर काही चढवू नका. हे खुर्चीत बसले. स्क्रीनला नाक लागेल इतके वाकले. एवढ्या जवळ जाऊन हे आकडे वाचतात, हे मी वर्षभर बघत होते आणि पाठीचा पोक समजत होते. यांनी आपला आकडा खोडला, कासवाचा ठेवला आणि छपाईचं बटण दाबलं. मशीन सुरू झालं. काकूंचा बसथांबा हळूहळू बाहेर यायला लागला, आधी दिवा, मग त्याच्यामागचा काळोख. हे त्याच्याकडे बघत उभे राहिले आणि मी यांच्याकडे.

वाळलं तेव्हा मी टेबलावर घेतलं आणि प्लास्टिक चढवलं. वर्षभरात पहिल्यांदा ते असं बसलं की हात फिरवून कड शोधावी लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी फुगा नाही, कड जागच्या जागी. हेच तर मी वर्षभर मागत होते. ज्या गोष्टीसाठी मी एवढी भांडले ती माझ्या बाजूनं झाली होती, आणि मला धड खूशही होता येत नव्हतं.

हे टेबलाशी आले. बोर्डाला हात लावला नाही.

"काळा कसा आलाय? खरं सांग."

आता मी काय सांगणार? हा प्रश्न दुकानात सगळे यांना विचारायचे. यांनी मला कधी विचारला नव्हता. मी बोर्ड शटरपाशी नेला, यांच्यासारखी मान तिरकी केली आणि बघत राहिले. खोटं सांगता आलं असतं. थोडा फिकट आहे म्हटलं असतं तर यांचं मन राहिलं असतं. पण ते फिकट ऐकलं असतं तर हे परत मशीनकडे धावले असते. आणि काळा फिकट नव्हता. गच्च होता, खोल होता, बसथांब्याच्या मागे रस्ता अजून पुढं जातोय असं वाटायला लावणारा होता. आमच्या दुकानाच्या भिंतीवर यांनी पूर्वी छापलेला काकूंचा एक फोटो टांगलेला आहे. मी बोर्ड त्याच्याशेजारी धरला.

"तुमच्या जुन्या कामासारखा आलाय," मी म्हटलं. "फरक नाही."

हे स्टुलावर बसले. थोड्या वेळानं म्हणाले, म्हणजे कासव पहिल्या दिवसापासून बरोबर होतं. मी बोर्डाची कड उगाच परत चाचपली. बोलायची वेळ आली की माझं तोंड बंद पडतं आणि नको तेव्हा उघडतं, ही माझी जुनी खोड.

मग हे आपणहून उठले आणि केबिनमध्ये गेले. दार लावायच्याही भानगडीत पडले नाहीत. मालकांना सगळं सांगितलं. मालक आधी भडकले, मग गप्प झाले, मग परत भडकले, की आधी बोलायला काय झालं होतं. शेवटी ठरलं ते हे, की मंगळवारी एक डोळा, तो बरा झाला की दुसरा, आणि तोवर हे काउंटरवर. त्यानंतरचं त्यानंतर बघू, मालक म्हणाले. हे बघू मला अजिबात आवडलं नाही, पण त्यांच्या जागी मीही तेच म्हटलं असतं.

काकूंचे सगळे बोर्ड मी बांधले. काकू घेऊन गेल्या. जाताना एका बोर्डाचा कागद सोडवून बघितला आणि यांना म्हणाल्या, मास्तर, असा काळा फक्त तुम्हीच काढावा. यांनी पावती फाडली आणि त्यांच्या हातात दिली. कासवाचं नाव काढलं नाही, माझंही नाही.

दुकान बंद करून आम्ही चालत निघालो. उजेड होता अजून. कोपऱ्यावर वळताना थांबले, उजवा हात माझ्यासमोर केला आणि अंगठा वर धरला. निघण्याआधी मशीनच्या खोलीत जाऊन आले होते, ते कशाला ते मला आता कळलं. कासवाच्या आकड्यावर निघालेल्या शेवटच्या छपाईच्या काळ्या कोपऱ्यावर अंगठा टेकवून आले होते.

"बघ गं," हे म्हणाले. "लागलीय का?"

मी यांचा अंगठा हातात धरला, उजेडाकडे केला आणि नीट बघितला.

"नाही," मी म्हटलं. "कोरा आहे."